वेलांटीची बरणी

बिबवेवाडी, पुणे
९ जुलै २०१८

रझिया,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. पोस्टाच्या खिडकीतल्या मुलीकडून पत्ता लिहून घेतला. चष्मा घरी विसरले असं तिला सांगितलं. चष्मा पर्समध्येच होता. आता उघडलंच आहेस तर पुढचं वाच. फार लांब नाही.

काम वेलांटीचं आहे. मांजर जेवत नाही.

तुझा फोन लागत नाही. बदललास, की फक्त माझ्यापुरता बंद केलास, ते मी विचारत नाही. तुझ्या शकीलचा हडपसरचा पत्ता सर्जेरावांकडे होता. सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा त्यांनी तो गेटच्या वहीत लिहून ठेवला होता. आपल्या वॉचमनने आयुष्यात नीट लिहिलेली ही एकच नोंद असावी.

तर वेलांटी. तुम्ही एप्रिलच्या शेवटी समोरचं घर सोडून गेलात. जूनच्या मध्यापर्यंत ती उत्तम जेवत होती. मग बरणीतलं संपलं. मी बरणी धुऊन, उन्हात वाळवून, नेहमीच्याच दुकानातून नेहमीचंच पाकीट आणलं, हिरव्या ठिपक्याचं, आणि नेहमीसारखं ओतलं. तेव्हापासून ती वास घेते आणि माझ्याकडे बघत बसते. आठ वर्षं जे खाल्लं ते हिला आज का नको? दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, माल फ्रेश आहे, तुमच्यासमोर फोडून देतो.’ मी स्वतः दोन गोळ्या चावून पाहिल्या. पुठ्ठ्यासारख्या लागल्या, पण खराब नव्हत्या.

दूधभात चार घास खाते. बरगड्या हाताला लागायला लागल्या आहेत. दुपारी दोन वाजले की दाराशी जाऊन बसते. ती तुझी यायची वेळ, म्हणजे हिला तुझी सवय झाली असावी असं मी समजते.

मी दुपारी वाचनालयात जायचे तेव्हा किल्ली तुझ्याकडे असायची. ती तेव्हा कशी जेवायची? काही गोंजारावं लागायचं का? क्लृप्ती असेल तर एका ओळीत कळव, पोस्टकार्डही चालेल.

सोसायटीत जे झालं त्याबद्दल मी लिहीत नाही. त्यात माझं काही चालत नव्हतं. जाता जाता एवढंच सांगते, की तुम्ही गेल्यावरही तो वास दीड महिना होता. सकाळी साडेसातला वेलांटीला वाढायला ओट्याशी गेलं की यायचाच. सेक्रेटरी आप्पासाहेब म्हणाले, भिंतीत मुरला असेल. जूनमध्ये गेला. ही तक्रार नाही.

मंदाकिनी बाई


१६ जुलै २०१८

रझिया,

उत्तर आलं नाही. पोस्टाचा घोळ असेल असं धरून चालते.

वेलांटीला डॉक्टरकडे नेलं. मार्केट यार्डाच्या बाजूला नवा दवाखाना झाला आहे, डॉक्टरीणबाईंचं नाव उल्का. वय माझ्या शेवटच्या बॅचमधल्या मुलींएवढं असेल. भाजीच्या पिशवीत मांजर घालून आणलं म्हणून आधी मलाच ओरडली. मग म्हणाली, ‘काकू, खायला काय देता? पाकीट आणलंय?’

मी पाकीट पुढे केलं. तिने उलटंपालटं केलं. तुला आठवत असेल, पुढच्या चित्रावर मी पांढरा कागद चिकटवून ‘वेलांटी’ असं लिहायची. तिने नखाने तो कागद सोलला. खाली कुत्रा होता.

‘काकू, हे डॉग फूड आहे. तेही व्हेज.’

‘माहीत आहे,’ मी म्हटलं. ‘हिरव्या ठिपक्याचं मांजराचं दुकानात येत नाही. आठ वर्षं हेच खाते ती.’

‘शक्यच नाही.’

रझिया, छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, पण माझ्या तोंडावर कोणी ‘शक्यच नाही’ म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, मी स्वतःच्या हाताने वाढते. ती म्हणाली, ‘काकू, मांजर पक्कं मांसाहारी. त्याला चॉइस नाही. मांसातून टॉरिन नावाचं द्रव्य मिळतं, ते नसेल तर आधी डोळे जातात, मग हार्ट. आठ वर्षं हे खाल्लं असतं तर हिला माझा चेहरा दिसला नसता.’ आणि तिने वेलांटीच्या डोळ्यांत बॅटरी मारली. डोळे स्वच्छ. हृदयही चांगलं. ‘हिला कोणीतरी बाहेर खायला घालतंय,’ म्हणाली.

मी सांगितलं, ही घराबाहेर पाऊल टाकत नाही. गॅलरीला जाळी आहे. तिसऱ्या मजल्यावर कोण येऊन घालणार? तिने खांदे उडवले. हल्लीच्या मुलींना दुसऱ्याचं म्हणणं खोडायचं नसलं की त्या खांदे उडवतात.

घरी येऊन तो पांढरा कागद परत चिकटवायला गेले आणि एक गोष्ट आठवली. मी पहिल्यांदा हे पाकीट आणलं तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘बाई, ये कुत्ते का है.’ आणि मी म्हटलं होतं, ‘रझिया, चित्रावर जाऊ नये, मजकूर वाचावा.’ मजकूर मी तरी कुठे वाचला होता? ठिपका पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. मी सगळ्यांना अभिमानाने सांगत फिरायची, आमचं मांजर शुद्ध शाकाहारी आहे. तू ऐकायचीस आणि वेलांटीची पाठ खाजवायचीस.

सोसायटीचं मागच्या पत्रात अर्धवट लिहिलं. तुमच्याविरुद्धच्या अर्जावर माझी सही होती. सगळ्यांच्याच होत्या. एकटीने नाही म्हणून काय झालं असतं?

वेलांटी तुझी आठवण काढते असं लिहिणार होते, पण तिच्या मनातलं मला काय कळणार. ती कशी जेवायची ते तू कळव.

मंदाकिनी बाई


२० जुलै २०१८

रझिया,

आज दुकानात दीड तास उभी होते. मांजरांच्या कोरड्या खाण्याची एक अख्खी भिंत आहे. पिल्लांचं, मोठ्यांचं, म्हाताऱ्यांचं, लठ्ठांचं, लांब केसांच्यांचं, आणि घरातच राहणाऱ्यांचं वेगळं. आपल्याकडे माणसांचीसुद्धा इतकी कोणी विचारपूस करत नाही.

उल्काने चिठ्ठी दिली होती. मोठ्या मांजरीचंच हवं. यादीत पहिला शब्द मांसाचा हवा, मक्याचा नको. टॉरिन लिहिलेलं हवं. घरातलं मांजर पळत नाही म्हणून चरबी बेताची. शेजारी पाण्याची वाटी कायम भरलेली. आणि बदल हळूहळू, आठवडाभर जुन्यात नवं मिसळत. मी विचारलं, जुनंच खात नसेल तर मिसळायचं कशात? तिने चिठ्ठीखाली आपला फोन नंबर लिहिला.

मी भिंगाने सगळ्या पाकिटांचं मागचं वाचलं. या वेळी ठिपका नाही पाहिला. चार छोटी पाकिटं आणली. एकात कोंबडी, एकात समुद्री मासे, एकात कोंबडी आणि भात, चौथ्यात काय ते आता आठवत नाही. घरात आणताना जिन्यात कुलकर्णीबाई भेटल्या म्हणून पिशवीवर पदर घेतला. या वयात ही चोरी.

चार बशा मांडल्या. हात लावायचा नव्हता, पण लावला. वेलांटीने पहिलीचा वास घेतला. दुसरीतली एक गोळी तोंडात घेतली आणि खाली ठेवली. मग फ्रिजच्या मागे जाऊन बसली. संध्याकाळी दूधही प्यायली नाही.

उल्काला फोन केला. ‘काकू, मांजर दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिलं की लिव्हरवर येतं, थांबू नका,’ म्हणाली. उद्या सलाईन लावणार आहे. पिचकारीने पातळ भरवायला शिकवलं आहे. मी भरवते, ती बाहेर काढते. अर्धं माझ्या ब्लाउजवर. मी ओरडले तिच्यावर. मग फरशीवर बसून रडले. ते तुला सांगायचं नव्हतं, पण लिहून गेलं आणि खोडाखोड केलेलं पत्र मी पाठवत नाही, तुला माहीत आहे.

काय करू, एवढंच सांग.

मंदाकिनी


२३ जुलै २०१८

रझिया,

आज पत्ता माझ्या अक्षरात आहे. ते पाहून न उघडताच टाकून दिलंस तर हे वाक्यही तुला कळणार नाही. तरी लिहिते.

सकाळी वेलांटीला दवाखान्यात नेत होते. गेटवर सर्जेराव म्हणाले, ‘बाई, मांजरीला बरं न्हाई व्हय? आन् काय वो, त्ये हिरवं पाकीट आता आणत न्हाई का तुमी?’

मी विचारलं, कोणतं हिरवं पाकीट?

‘त्येच, कागुद चिकटीवल्यालं. रझियाभाभी महिन्याला द्यायच्या की आमच्या काळ्याला. आठ वरसं त्याच्यावरच पोसलंय त्ये. म्हनायच्या, बाईंच्यात उरलंय. आता वाळलंय बघा.’

काळ्या तिथेच होता. इतकं तुकतुकीत कुत्रं आपल्या गल्लीत दुसरं नाही हे मला इतक्या वर्षांत कधी खटकलं नव्हतं.

रिक्षात बसले आणि हिशेब आपोआप लागला. मी पाकीट बरणीत ओतायची आणि वाचनालयात जायची. तू किल्लीने दार उघडायचीस, बरणी परत त्याच पाकिटात रिकामी करायचीस आणि तिच्यात मांजराचं, मांसाचं भरायचीस. तशाच तपकिरी गोळ्या. आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच बरणीतून स्वतःच्या हाताने वाढायची आणि बढाया मारायची. तू गेलीस त्या दिवशी बरणी काठोकाठ भरलेली होती. मला वाटलं, मीच भरली असेन.

खरं सांगू? आधी संतापले. माझ्या ओट्यावर, तांदळाच्या डब्याशेजारी, आठ वर्षं! दुपारपर्यंत तुला मनातल्या मनात काय काय बोलले. मग सलाईन लावलेली वेलांटी मांडीवर घेऊन बसले होते. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तिला मी दिसते, ती तुझ्यामुळे. त्यानंतर रागावता येईना.

उल्का म्हणते, जे आधी खात होती तेच आणा, बाकी प्रयोग नकोत. ते काय होतं हे जगात फक्त तुला माहीत आहे. आणि तुझ्याकडे काही मागायला मला तोंड नाही.

म्हणून आता सगळं लिहिते. अर्जावर माझी नुसती सही नव्हती. अर्ज मी लिहिला. आप्पासाहेब म्हणाले, बाई, तुमचं मराठी चांगलं, मसुदा तुम्हीच करा. मला बरं वाटलं. निवृत्त झाल्यावर माझ्या मराठीची कोणाला गरज पडली नव्हती. ‘शेजारील सदनिकेतून सातत्याने येणाऱ्या उग्र वासामुळे’ हे वाक्य माझं. मांसाहार करणाऱ्यांना जागा भाड्याने देऊ नये, हेही माझं. दिवाळीपासून सकाळी वास यायचा हे खरं होतं. पण तुझं दार वाजवून ‘अगं, वास येतो’ म्हणायला चार पावलं होती. चौदा वर्षांत ती मी शंभरदा चालले होते. त्या वेळी नाही चालले.

घरमालकांनी अर्जाचा फोटो तुझ्या युसूफभाईंच्या मोबाइलवर पाठवला, आणि तू तो वाचलास. तुला वाचता आला, कारण शकीलच्या शाळेच्या वेळी तुला जोडाक्षरं मी शिकवली होती. ‘ग्र’वर अडायचीस. ‘पायात र’ असं तुला पन्नासदा गिरवायला लावलं. शब्द दिला होता ‘उग्र’. अर्थ विचारलास तेव्हा मी हिंगाची डबी नाकाशी धरली होती.

जायच्या आदल्या दिवशी जिन्यात भेटलीस. मी काहीतरी पाणी आलं का वगैरे बोलले. तू एवढंच म्हणालीस, ‘बाई, ग्र छान काढलाय.’ आणि आत गेलीस. किल्ली शकीलकडून पाकिटात आली.

तेव्हापासून ते वाक्य मला ऐकू येतं. माफी कशी मागतात ते मी मुलींना निबंधात शिकवलं. त्यातलं एकही वाक्य इथे चालत नाही. मी चुकले. सर्जेराव सांगत होते, युसूफभाई दुकानासाठी हडपसरहून दोन बस बदलून येतात, आणि शकीलच्या घरी तुला स्वयंपाकघरात झोपावं लागतं. हे माझ्या मराठीने झालं.

माझ्यासाठी काही करू नकोस. वेलांटी आज तिसऱ्या दिवशी उपाशी आहे. पाकिटाचं नाव कळव, एवढंच.

मंदाकिनी


३० जुलै २०१८

रझिया,

पिशवी मिळाली. शनिवारी शकील गेटवर देऊन गेला. सर्जेराव म्हणाले, वर चला, तर त्याने मान हलवली आणि बाइक वळवली. मी गॅलरीतून त्याचं हेल्मेट पाहिलं. हाक मारणार होते. काय म्हणून मारणार?

पिशवीत तुझी चिठ्ठी होती. माझं नाव नाही, तुझंही नाही.

‘आधी चिकनचं होतं. मागच्या दिवाळीपासून मासळीचं, बारीक गोळीचं. तिचे दात दुखायचे. कोमट पाण्याचे चार थेंब टाका, मग खाते. वास उग्र आहे. बरणीचं झाकण घट्ट लावत जा.’

‘ग्र’ अगदी बरोबर काढला आहेस.

मी ओट्याशी उभी राहून पिशवीची गाठ सोडली, आणि रझिया, मला तो वास ओळखीचा होता. तोच. सकाळी साडेसातचा. दिवाळीपासून जूनपर्यंत जो माझ्या नाकात होता, ज्याच्यावर मी अर्ज लिहिला, ज्याच्यासाठी सतरा घरांनी सह्या केल्या, तो वास. तो तुझ्या घरातून कधी आलाच नव्हता. माझ्या बरणीतून येत होता. मी झाकण नुसतं वर ठेवायची, घट्ट लावायला मनगट दुखतं म्हणून. तुम्ही गेल्यावरही दीड महिना होता, आणि बरणी मी धुतली त्या दिवशी गेला. हे मी पहिल्याच पत्रात स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि मला कळलं नाही.

तुला मात्र अर्ज वाचतानाच कळलं असेल. तरी बोलली नाहीस. बोलून तुमचं घर राहिलं असतं का, माहीत नाही. पण बरणी मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकली असती, आणि परत हिरवं पाकीट आणलं असतं. हे तू मला ओळखून होतीस.

चार थेंब टाकले. वेलांटी फ्रिजमागून आली. पाय लटपटत होते. पहिल्या दिवशी नऊ गोळ्या खाल्ल्या, आज बशी पुसून काढली. उल्का म्हणते धोका टळला, पण लिव्हरला दोन महिने लागतील, आणि पुन्हा उपाशी राहता कामा नये.

काल आप्पासाहेबांकडे गेले. नवा अर्ज लिहून नेला होता: वास माझ्या घरातला होता, आधीचा अर्ज मागे घ्यावा. त्यांनी वाचला. हसले. ‘बाई, मांजराच्या खाण्यावरून आता रेकॉर्ड बदलू? आणि तिथे माणसं राहायला आलीत, अॅग्रीमेंट झालंय.’ अर्ज घडी घालून मला परत दिला. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती त्यात. माझ्या दारासमोर आता कुंडी आणि नव्या चपला आहेत. माणसं वाईट नाहीत. दार लावून असतात.

मी काही परत करू शकत नाही, रझिया. घर नाही, युसूफभाईंच्या दोन बस नाहीत, काही नाही. तुला काय देऊ याचा विचार करते आणि हाती फक्त पुन्हा एक पत्र येतं.

एक राहिलं. पिशवी साधी आहे, पारदर्शक. तिच्यावर नाव नाही, कंपनी नाही, चित्रसुद्धा नाही. दुकानदाराला चार गोळ्या दाखवल्या. तो म्हणाला, ‘मॅडम, अशा सहा येतात, खाल्ल्याशिवाय कळणार नाही.’ मी नाव मागितलं होतं आणि तू नावच पाठवलं नाहीस. विसरलीस, की मुद्दाम? मला पुन्हा मागायला लागावं म्हणून? की मी पुन्हा लिहावं म्हणून? माझ्या बाजूने मी काय हवं ते समजू शकते, त्याला आता काही किंमत नाही.

वेलांटीसाठी मी आत्ताच, याच पत्रात, नाव विचारायला हवं. पण नाव कळलं की मी दुकानात जाईन, पाकीट आणीन, आणि मग तुला लिहायला माझ्याकडे काही कारण उरणार नाही. हा स्वार्थ आहे, उपाशी जिवाच्या जोरावर केलेला. तरी आज माझ्याने विचारवत नाही.

पिशवी बरणीत ओतली आहे. मनगट दुखलं, पण झाकण घट्ट लावलं. सुमारे महिनाभराचं आहे.

मंदाकिनी